रियाची गोळी आणि माझा पारा

माझ्या काचेच्या नळीत आता पारा उरलेला नाही, पण 'पाऱ्याचे यंत्र' हे नाव तेच राहिले आहे. मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. राखाडी पत्र्याची पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आकड्यांची पट्टी, तिच्या मधोमध नळी आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढेच माझे रूप. पनवेलमधल्या एका शाळेत, विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटात मला ठेवले आहे. मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही येता, माझा रबरी फुगा दाबता, पट्टा फुगला की हसता. मला ते आवडते. पण मी आयुष्यभर काय काम केले हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. आणि एकदा माझ्यामुळे एका मुलीच्या जिवावर कसे बेतले असते, हे तर नाहीच. आज ते सांगते.

माझा जन्म १९९४ साली मुंबईतल्या एका लहान कारखान्यात झाला. काशिराम नावाचे वयस्कर कारागीर होते. त्यांनी माझ्या पोटातल्या कुपीत पारा ओतला, मला हलवले, पुन्हा उभे केले, चष्मा कपाळावर सरकवून नळीकडे पाहिले. पाऱ्याचे टोक शून्याच्या रेषेला बरोबर टेकले, तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पेटीवर 'तपासले' असा शिक्का मारला.

मला विकत घेतले खलील मुकादम यांनी. बारा वर्षे बहारिनला नोकरी करून ते पनवेलला परतले होते. त्यांची मुलगी फरिदा नुकतीच डॉक्टर झाली होती. "बेटा, हे तुझ्या दवाखान्यासाठी," एवढेच म्हणून त्यांनी मला तिच्या टेबलावर ठेवले. उरण नाक्याजवळ, मासळी बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा तो दवाखाना होता. बायकांची डॉक्टर म्हणून फरिदाबाईंचे नाव हळूहळू सगळीकडे झाले. उरणकडच्या कोळिणी, गल्लीतल्या मुसलमान घरांतल्या सुना, नवीन पनवेलच्या सेक्टरांतल्या नोकरी करणाऱ्या मुली, सगळ्या यायच्या. किती दंड मी पाहिले! कोपरापर्यंत बांगड्या भरलेले, बुरख्याच्या बाहीतून संकोचाने बाहेर आलेले, पाटी उचलून उचलून लाकडासारखे घट्ट झालेले. डॉक्टर म्हणायच्या, "दोन मिनिटं बोलू नका हं." मग फुगा दाबला जायचा, माझा पारा सरसर चढायचा आणि हळूहळू उतरायचा. "हे यंत्र कधी खोटं बोलत नाही," असे डॉक्टर पेशंटना सांगायच्या. ते ऐकून मला बरे वाटायचे. मित्रांनो, स्तुती ऐकत राहिले की तपासून घेण्याचे भान सुटते. माझे सुटलेच, डॉक्टरांचेही सुटले.

२००८ सालचा जानेवारी महिना. दवाखान्यात गोदूबाई नावाच्या मावशी झाडलोट आणि मदतनिसाचे काम करत. एका सकाळी टेबल पुसताना त्यांच्या पदरात माझी रबरी नळी अडकली आणि मी खाली आपटले. काच फुटली नाही, पण कुपीचे झाकण ढिले झाले आणि पाऱ्याचे थेंब घरंगळत कपाटाखाली गेले. गोदूबाईंनी इकडेतिकडे पाहिले. दवाखान्यात अजून कोणी आलेले नव्हते. त्यांनी घाईघाईने थेंब सुपलीत गोळा केले, मला उचलून जागेवर ठेवले, पदराने पुसले. नोकरी जाईल ही भीती त्यांना होती. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून माझा पारा शून्यावर थांबेना. तो रेषेच्या खाली जाऊन बसू लागला. त्यामुळे जेवढा दाब असेल त्यापेक्षा चौदा अंश कमी दिसायचा. मला ते कळत होते. पण मला तोंड नव्हते.

आणि तिसऱ्याच दिवशी रिया आली.

रिया तेवीस वर्षांची, उरणजवळच्या मोरा गावातली सून. तिचा नवरा शैलेश बंदरात क्रेनवर कामाला होता आणि सासू रंभा उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. दहा महिन्यांपूर्वी रियाचे पहिले बाळंतपण झाले होते. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब एकदम चढला, घाईघाईने ऑपरेशन करावे लागले आणि दीड किलोची मुलगी तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली. तीन वर्षे तरी दुसरे मूल नको, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते.

"शैलेश म्हणाला, डॉक्टरांना विचारून घे," रिया खाली मान घालून म्हणाली. "गोळ्या असतात ना, रोज घ्यायच्या? मी कधी घेतलेल्या नाहीत. मला भीती वाटते."

"कशाची भीती?"

"पुढं मूल होईल ना? आणि बाळाचं दूध तुटेल का?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "गोळी चालू असेपर्यंत अंगातलं बीज तयार होणं थांबतं. गोळी बंद केली की ते पुन्हा सुरू होतं. दूध थोडं कमी होऊ शकतं, पण मुलगी आता भात खाते ना? मग फार काळजी नाही. सुरुवातीला मळमळेल, छाती जड वाटेल, ते दोन-तीन महिन्यांत जातं. फक्त डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं चमकायला लागलं, पायाची पोटरी सुजली, तर त्याच दिवशी यायचं." मग त्यांनी विचारले, "घरी सांगितलंय?"

"शैलेशला माहीत आहे. आईंना नाही. त्यांना गोळ्यांचं नाव काढलेलं चालत नाही."

डॉक्टरांनी माझा पट्टा तिच्या दंडाला बांधला. माझा पारा १३४ आणि ८४ वर थांबला. "जरा वरच्या अंगाला आहे, पण चालेल," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दोन हार्मोन असलेल्या गोळ्यांचे पाकीट लिहून दिले. खरा आकडा १४८ होता, मित्रांनो. एवढा रक्तदाब असलेल्या बाईला ती गोळी द्यायची नसते. मी ओरडून सांगू शकले असते तर सांगितले असते. रियाने पाकीट बाळाच्या दुपट्यांखाली पिशवीत ठेवले आणि ती एसटी पकडायला निघून गेली.

बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी दुपारी जिन्यात जोराने पावले वाजली. दारात मासळीची पाटी टेकवून रंभा आत आली. तिच्या एका हातात ते पाकीट होते आणि दुसऱ्या हातात रियाचे मनगट. रियाचा चेहरा उतरलेला होता. चार दिवस तिचे डोके दुखत होते आणि दुपटी धुवायला काढताना सासूला पाकीट सापडले होते.

"ह्या गोल्या तुमी दिल्या?" रंभाने विचारले.

"हो. बसा ना तुम्ही."

"बसायला नाय आले मी. माजी बहीन ह्याच गोल्यांनी गेली."

"आई, हळू बोला ना," रिया पुटपुटली.

"का म्हून हळू बोलू? डोका दुखतं, डोका दुखतं म्हनायची ती पन. एक दिस चुलीपुढं पडली. अर्धा अंग गेला. दोन महिने आमी तिला भरवत होतो, मंग ती पन गेली."

मला वाटले आता भांडण होणार. पण डॉक्टर उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःची खुर्ची रंभापुढे सरकवली. "तिला गोळ्या कोणी दिल्या होत्या?"

"शेजारनीनं सांगितल्या. दुकानातून आनल्या."

"घेण्याआधी कोणी तिचं प्रेशर तपासलं होतं?"

"कोन तपासनार?"

"नाव काय होतं तिचं?"

रंभाने पदराने तोंड पुसले. "कमळाबाई," ती म्हणाली. मग ती खुर्चीवर बसली.

"तुमची भीती खोटी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "प्रेशर जास्त असताना ही गोळी घेतली तर असं होऊ शकतं. म्हणून तर आपण आधी बघतो. रियाचं बघून दिलीय मी. आताही बघते."

पुन्हा माझा पट्टा रियाच्या दंडाला. पुन्हा माझा पारा चढला आणि उतरला. पुन्हा १३४ आणि ८४. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "बघा. ठीक आहे. डोकं कशाने दुखतं ते..."

"पट्टा काडा," रंभा म्हणाली.

"काय?"

"तिच्या हाताचा पट्टा काडा. मशीन रिकामी करा." ती उठून माझ्या अगदी जवळ आली. तिच्या हाताला मासळीचा आणि बर्फाचा वास होता. "कोलबी आमी वाट्यानं विकतो, पन सुरमई काट्यावर. मासली टाकायच्या आदी गिऱ्हाईक काय बगतं? रिकामा काटा सम हाय का नाय, ते. तुमचा काटा रिकामा असताना कुठं थांबतो, ते मला दाखवा."

डॉक्टरांनी पट्टा सोडला. सगळी हवा काढली. माझा पारा खाली आला, आणखी खाली आला, शून्याची रेषा ओलांडून दिसेनासा झाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला लाज वाटली, आणि मोकळेही वाटले. दोन आठवडे जे मला सांगता येत नव्हते, ते कधी शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने बघून ओळखले होते.

"गोदूबाई," डॉक्टर म्हणाल्या, "खाली डॉक्टर उदयसिंहांकडे जा. त्यांचं बीपीचं यंत्र मागून आणा. आत्ता."

खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांचे यंत्र आले. डॉक्टरांनी आधी त्याचा शून्य पाहिला. मग रियाचा रक्तदाब तीनदा मोजला. तिन्ही वेळा १४८ आणि ९८ च्या आसपास.

डॉक्टरांनी ते पाकीट स्वतःच्या हातात घेतले आणि टेबलाच्या खणात ठेवले. "रिया, ही गोळी आजपासून बंद. चूक माझी आहे. यंत्र बघायला हवं होतं, मी नाही बघितलं."

रंभा मोठे भांडण करायच्या तयारीने आली होती. एवढ्या शिकलेल्या बाईने असे सरळ सांगितल्यावर ती पुन्हा खुर्चीवर बसली. तेवढ्यात दारातून हुंदका ऐकू आला. गोदूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"माझ्याकडून पडलं ते, मॅडम. पंधरा दिवस झाले. भीतीनं बोलले नाही मी."

डॉक्टर उठून त्यांच्याजवळ गेल्या. "पडलं त्याचं काही नाही, मावशी. कोणाच्याही हातून पडतं. न सांगितल्याचं मात्र मला वाईट वाटलं." मग त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आणि पंधरा दिवसांत मी एकदाही शून्य बघितला नाही, त्याचं त्याहून जास्त."

मग त्या रियाकडे वळल्या. "प्रेशर वाढलेलं असताना चालते अशी एकाच हार्मोनची गोळी आहे. तिने दूधही कमी होत नाही. पण पाळी अनियमित होईल, मधूनच डाग पडतील, कधी महिना कोराही जाईल. घाबरायचं नाही. गोळीच नको असेल तर दुसरे उपाय आहेत, तेही सांगते. तुला काय हवं?"

रियाने सासूकडे पाहिले.

"त्यांच्याकडे नको बघूस. तू सांग."

रियाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "बाळ काचेच्या पेटीत होतं, तेव्हा मी रोज बाहेर उभी राहायचे. हात लावू देत नव्हते. एका सकाळी बाजूच्या पेटीतलं बाळ नव्हतं. कोणी काही सांगितलं नाही, नुसती पेटी रिकामी होती. मला परत तसं उभं राहायचं नाही, डॉक्टर. मला तीन वर्षं पाहिजेत. गोळी द्या."

ती एवढे बोलेल असे रंभाला वाटले नसावे. ती सुनेकडे नव्याने पाहत होती. मग तिने डॉक्टरांना विचारले. "कवा घ्यायची ही गोली?"

"रोज एकाच वेळी. वेळ चुकवायची नाही. पहिले सात दिवस नवऱ्यालाही काळजी घ्यायला सांगायची."

"मंग दिवा लावल्यावर घे," रंभा सुनेला म्हणाली. "मी इचारीन रोज." उठता उठता ती थांबली, आणि आपला जाडजूड दंड तिने टेबलावर ठेवला. "आता मशीन आनलंयच, तर माजा पन बगा."

तिचा रक्तदाब १७६ निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तो मोजला होता. त्या दिवशी सासू आणि सून दोघी गोळ्या घेऊन जिना उतरल्या, दोन वेगवेगळ्या.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केले ते मी विसरणार नाही. त्यांनी नोंदवही काढली आणि त्या पंधरा दिवसांत मी ज्यांचा ज्यांचा रक्तदाब मोजला होता, त्या सगळ्या बायकांची नावे लिहून काढली. चाळीसवर होत्या. ज्यांचा फोन होता त्यांना फोन केले, उरलेल्यांच्या घरी त्या आणि गोदूबाई रिक्षाने गेल्या, उसने यंत्र बरोबर घेऊन. नवीन पनवेलच्या एका इमारतीत तर चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या. त्यात दोन गरोदर बायकांचा रक्तदाब वाढलेला सापडला. दोघींना वेळेवर औषध मिळाले. "यंत्र बिघडलं होतं, म्हणून पुन्हा आलो," असे डॉक्टर प्रत्येक दारात स्वतः सांगत होत्या. काही जणी रागावल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतले.

मला दुरुस्तीला मुंबईला पाठवले. नवा पारा भरून, झाकण घट्ट करून मी महिन्याने परत आले. तेव्हापासून सकाळी दवाखाना उघडला की पहिले काम ठरलेले असे. गोदूबाई मला उघडायच्या, डोळे बारीक करून शून्य बघायच्या आणि डॉक्टरांना आवाज द्यायच्या. कधी नळीत बुडबुडा दिसला तर घाबरत नसत, लगेच सांगत.

रियाचे पहिले तीन महिने सोपे गेले नाहीत. मधूनमधून डाग पडत. एकदा कंटाळून ती गोळी सोडून द्यायला निघाली होती. डॉक्टरांनी तिला थांबवले नाही, फक्त आणखी महिनाभर बघ म्हणाल्या. चौथ्या महिन्यात सगळे स्थिरावले. औषधाने, मीठ कमी केल्याने आणि दर आठवड्याला मोजत राहिल्याने तिचा रक्तदाबही उतरला. तिने अर्धवट राहिलेले बी.ए. बाहेरून पूर्ण करायला घेतले. येताना मांडीवर पुस्तक असायचे. कधी शैलेश मुलीला खांद्यावर घेऊन बरोबर यायचा. सासू आजारी पडून माहेरी विश्रांतीला गेली तेव्हा आठवण करायचे काम त्याच्या मोबाइलच्या गजराकडे होते.

२०११ च्या दिवाळीनंतर रिया आणि रंभा दोघी आल्या. रिया म्हणाली, "डॉक्टर, आता बंद करायची म्हणते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. असा विषय निघाला की त्या नेहमी नीट चौकशी करत. त्यांनी रंभाकडे पाहून विचारले, "काय रंभाबाई, नातू पाहिजे म्हणून मागे लागलात की काय?"

रंभा खिडकीतून खाली बाजाराकडे बघत बसली होती. तिने मान वळवली. "मला काय इचारता? अंग तिचं हाय. तिला इचारा."

रिया हसली. मग तिने स्वतःच सांगितले, की मुलगी बालवाडीत जाते, आपली बी.ए.ची परीक्षा झाली, आता आपल्यालाच दुसरे मूल हवे आहे. डॉक्टरांनी माझा शून्य बघितला, पट्टा बांधला. १२४ आणि ८०. या वेळी तो आकडा खरा होता. दीड वर्षाने तिला पूर्ण दिवसांचा मुलगा झाला. तो काचेच्या पेटीत गेला नाही, थेट तिच्या कुशीत गेला.

२०१३ साली दवाखान्यात बॅटरीवर चालणारे नवे यंत्र आले. ते आकडे स्वतःच दाखवते, कान लावून ऐकावे लागत नाही. पारा विषारी असतो, शाळेत तो ठेवणे बरे नाही, म्हणून माझ्यातला पारा जाणकार माणसाकडून नीट काढून घेतला आणि डॉक्टरांनी मला तुमच्या शाळेला दिले. सुरुवातीला मला फार रिकामे वाटले. धूळ बसली, पट्ट्याचे कापड विरले, वर्षभर कपाटाचे दार कोणी उघडले नाही. आता सवय झाली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातल्या कोणी कधी अशी गोळी पहिल्यांदा सुरू करेल, कोणाची बहीण करेल, कोणाची बायको करेल. ती लपवायची गोष्ट नाही आणि घाबरायचीही नाही. पण शेजारच्या बाईला चालली म्हणून तीच गोळी दुकानातून आणू नका. आधी डॉक्टरांकडे जा, दंड पुढे करा, रक्तदाब मोजून घ्या, मनातले सगळे प्रश्न विचारा. काही दुखले-खुपले तर तेराव्या दिवसाची वाट न बघता सांगा. जिला गोळी घ्यायची आहे तिचे म्हणणे ऐका, आणि जी घाबरून विरोध करते तिचेही ऐका, कारण तिच्या भीतीमागे एखादी कमळाबाई असू शकते. तुमच्या हातून काही पडले, बिघडले, तर ते उचलून गुपचूप जागेवर ठेवू नका. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला स्वतःचा बिघाड सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही सांगा.